मागुराच्या पिल्लांचा पहिला घास

आमच्या घरात मासा शिजत नाही. अंडं तर अंगणातसुद्धा येत नाही. सासू-सासरे दोघंही माळकरी. मी सातपूरची, कामगार वसाहतीत वाढलेली. रविवारी आमच्याकडून रश्शाचा वास आला नाही तर कोण आजारी आहे असं शेजारी विचारायचे. लग्न होऊन गोदाकाठच्या या द्राक्षबागेत आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे आपल्या जिभेचे हाल होणार आहेत. ते झाले आणि सवयही झाली. तरी याच घराच्या पॅकिंग शेडमध्ये एका पावसाळ्यात मागूर माशाची पिल्लं आली, ती माझ्या हट्टापायी.

हट्टाचं कारण सरळ होतं. द्राक्षबागेत बाईला काम पुष्कळ असतं, पण निर्णय एकही नसतो. छाटणी कधी, फवारणी कसली, माल कुठल्या व्यापाऱ्याला, हे सगळं सासरे आणि नवरा ओट्यावर बसून ठरवतात. आपण चहा घेऊन पोचेपर्यंत विषय संपलेला असतो. मला माझ्या अकलेवर चालणारं, चुकलं तर माझं आणि जमलं तरी माझं, असं काहीतरी हवं होतं. नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, शेततळ्यात कधीतरी हौसेने कटला मासे सोडले होते. ते बघता बघता मला माशांचा नाद लागला. मी मत्स्यबीजाचं प्रशिक्षण घेतलं आणि तिथे मागूर पाहिला. काळा, मिशांचा, चिखलात राहणारा मासा. त्याची अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं आणायची, बोटाएवढी होईपर्यंत वाढवायची आणि ज्यांची तळी आहेत त्यांना द्यायची, एवढंच माझं स्वप्न होतं. लोक केवढी केवढी स्वप्नं बघतात. माझं जिऱ्याएवढं होतं, कारण ते पिल्लू जिऱ्याएवढंच असतं.

नाना कमी बोलतात आणि एकदा बोलले की बदलत नाहीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "शेड तशी मोकळीच हाय. एक घाणा काढून दाखव. जमलं तर दर पावसाळ्यात शेड तुझी. नाय जमलं तर टब बाहेर, आन पुन्हा हा विषय काढायचा नाय."

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, अटी वेगळ्या होत्या. स्वयंपाकघरातलं एकही भांडं शेडमध्ये जाणार नाही. आपल्या जमिनीवर मासा कापला जाणार नाही. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं की दुसरं काही मिळालं नाही तर या पिल्लांना उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक देतात. त्यांनी नुसता हात वर केला. अंडं या घरात कुठल्याही कारणाने येणार नाही, आणि श्रावणात तर त्याचं नावही काढायचं नाही. पिल्लं मोठी होऊन शेवटी कुणाच्या तरी ताटात जाणार हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते पाप ज्याचं त्याचं, आपण फक्त वाढवायचं, असं त्यांचं स्वच्छ गणित होतं.

पिल्लांना घालायला माझ्याकडे आर्टेमियाचा डबा होता. खाऱ्या पाण्यातल्या एका बारीक जीवाची ही अंडी, तपकिरी, कोरडी, हातात घेतली तर वाळू वाटावी अशी. मिठाच्या पाण्यात टाकून ऊब दिली, खालून हवा सोडली, की दिवसभराने त्यातून केशरी ठिपके बाहेर पडतात आणि पाण्यात नाचायला लागतात. ते ठिपके म्हणजे मागुराच्या पिल्लाचा पहिला घास. आईंसमोर मी त्याला चुकूनही अंडी म्हटलं नाही. मी 'बी' म्हणायचे. बी भिजत घातलंय, बी उगवलंय. शेतकऱ्याच्या घरात बियाला कोण हरकत घेणार?

श्रावणातल्या एका शुक्रवारी प्राणवायू भरलेल्या पिशवीतून पिल्लं आली. शेडच्या खिडक्यांना मी गोणपाटं लावली होती, कारण या पिल्लांना उजेड सोसत नाही. तीन निळ्या टबांत त्यांना हळूहळू सोडलं. ती तळाला गेली आणि मी ठेवलेल्या कौलाच्या तुकड्याखाली एका ढिगात जमली. जवळ वाकून पाहिलं तेव्हा तो ढीग थरथरत होता. प्रत्येकाच्या पोटाशी एक पिवळी पिशवी होती. मी आईंना सांगितलं, ही त्यांची शिदोरी आहे, येतानाच घेऊन येतात, ती संपेपर्यंत त्यांना वरून काही लागत नाही. आईंनी ते बातम्यांतलं काहीतरी ऐकावं तसं ऐकलं.

"जीव हाय ना?" त्या म्हणाल्या. "मग भूक लागतीच."

आईंचा जगाला एकच प्रश्न असतो: जेवला का? म्हशीला, खांबावर चढलेल्या वायरमनला, औषधं विकायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना तोच. कमी वाढणं त्यांच्या हाताला ठाऊकच नाही. त्यांच्या पंगतीत 'पुरे' म्हणणाऱ्याच्या पानात हमखास आणखी एक पोळी पडते. शनिवारपासून त्या टबांपाशी येऊन विचारायला लागल्या, जेवली का? मी म्हणायचे, सोमवारी संध्याकाळी जेवतील. त्या म्हणायच्या, तोवर? आणि माझ्याकडे अशा बघायच्या की जणू लेकरांना कोंडून मीच उपाशी ठेवलंय.

रविवारी पाऊस उघडेना. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला. नवरा कांदा घेऊन लासलगावला गेला होता, तो तिकडेच अडकला, कारण दुपारपर्यंत सायखेड्याचा पूल पाण्याखाली गेला. मी संध्याकाळी आर्टेमिया भिजत घातला, बाटलीशेजारी दिवा लावला, टबांच्या हवेच्या पंपाची एक नळी बाटलीत सोडली. सोमवारी संध्याकाळी पिल्लांच्या शिदोऱ्या संपतील आणि त्याच वेळी केशरी ठिपके तयार होतील, असा माझा हिशोब अगदी जुळला होता. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकीही देऊन टाकली होती.

सोमवारी उजाडताना वीज गेली. बाटलीजवळचा दिवा विझला. पंप बॅटरीवर घेतला, पण बॅटरी जुनी होती, चहा होईपर्यंत तिचा जीव गेला. टबांतल्या पाण्यात हवा नसेल तर पिल्लं टिकणार नाहीत, हे मला माहीत होतं. गावात दूध संकलन केंद्रावर जनरेटर होता. मी बॅटरी स्कूटीवर पुढे ठेवली आणि आईंना शेडमध्ये बसवलं. त्यांच्या हातात प्लास्टिकचा मग दिला आणि दाखवलं, टबातलंच पाणी वरच्या वर घ्यायचं, पिल्लू येऊ द्यायचं नाही, आणि उंचावरून बारीक धार धरून परत सोडायचं. पाण्यात हवा मिसळते. एका टबाचं झालं की दुसरा. आणि खायला काही लागणार नाही, त्यांच्या पोटात अजून आहे, हेही स्पष्ट सांगितलं. आईंनी मान हलवली. त्यांचा सोमवारचा उपास होता, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, तरी त्या पदर खोचून बसल्या. काम सांगितलं की त्या जीव लावून करतात, त्यात मला कधी खोट काढता आलेली नाही.

पण त्या सोमवारी आईंचं स्वतःचं एक काम राहून गेलं होतं. श्रावणातल्या दर सोमवारी त्या महादेवाला जातात आणि परतताना घाटावर बसून नदीतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. त्यांच्या सासूने लावून दिलेला नेम. माशांना घातल्याशिवाय संध्याकाळी उपास सोडायचा नाही. त्या दिवशी घाट नव्हताच, महादेवाच्या पायऱ्यांपर्यंत गढूळ पाणी होतं. कणीक मात्र त्यांनी पहाटेच मळून ठेवली होती, श्रावणी सोमवार म्हणून दुधात. आणि समोर तीन टब भरून मासे होते, तेही उपाशी.

केंद्रावर रांग होती. माझ्याआधी कुणाकुणाचे मोबाईल, कुणाची फवारणीच्या पंपाची बॅटरी. मी तिथे उभी राहून रस्त्याकडे बघत होते. बॅटरी पुरती भरलीही नव्हती, तरी मी उचलली आणि निघाले.

शेडचं दार ढकललं तर आंबूस वास आला. आधी मला वाटलं बाहेरून येतोय. मग दाराजवळच्या टबात पाहिलं. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं होतं, तळ दिसत नव्हता. आई पलीकडच्या टबापाशी बसून धार सोडत होत्या, अगदी मी दाखवली तशीच. चेहरा समाधानाचा होता.

"आई, हे काय घातलं?"

"कणीक. बारीक केली होती गं, मोहरीएवढी. घाटावर जाता नाय आलं." त्या टबाकडे बघत म्हणाल्या, "निम्मी तर खाल्ली बी त्यांनी."

खाल्ली नव्हती, विरघळली होती. या पिल्लांचं तोंड अजून नीट उघडलेलंही नसतं. कणकेचा चिकट थर तळाला बसला होता आणि त्यात ती अडकली होती. आईंनी तिन्ही टबांत घातली होती, पंक्तिप्रपंच नको म्हणून सगळ्यांना सारखी. शेवटी हाताला जी उरली ती दाराजवळच्या टबात. तिथे मी हात घातला तर बोटांना पिठाचा गाळ लागला आणि त्या गाळात पांढरी पडलेली पिल्लं होती. मेलेलं पिल्लू पांढरं पडतं. जिवंत होती ती वर येऊन तोंड पाण्याबाहेर काढायला बघत होती.

माझा राग नाकावर असतो असं माहेरी म्हणतात. त्या दिवशी तो नाकावर नव्हता, सगळ्या अंगात होता. मी आईंच्या हातातून मग ओढून घेतला आणि म्हटलं, "मरताहेत ती. आता कशालाही हात लावू नका. बाहेर जा." सासूला तिच्याच शेडमधून बाहेर जा म्हणणारी सून आमच्या गावात तरी दुसरी झाली नसेल. मला त्या शब्दांचं आजही फारसं वाईट वाटत नाही. त्या घडीला तिथे सासू-सून असं काही नव्हतंच, पिल्लं होती आणि ती मरत होती. आई उठल्या आणि बाहेर पागोळ्यांखालच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या.

माझा आवाज ऐकून नाना आले. त्यांनी टबात पाहिलं आणि म्हणाले, मागूर कुठं मरतोय, चिखलात जगतो तो. सगळं गाव हेच म्हणतं आणि मोठ्या मागुराबद्दल ते खरंच आहे. तो वर येऊन सरळ हवा घेतो. पण ही करामत पिल्लाला जन्मतः येत नाही. सुरुवातीला ते इतर कुठल्याही माशासारखं पाण्यातल्याच हवेवर जगतं, आणि पाणी सडलं की संपतं. मी हे भराभर सांगितलं. नाना बाहेर गेले आणि ड्रिपची बारीक नळी घेऊन आले.

नळी तोंडाने ओढून तळाचा गाळ बाहेर काढायचा, पण पिल्लू ओढलं जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाला मऊ कापड हवं. मी इकडेतिकडे बघतेय तोवर नानांनी गळ्यातलं उपरणं काढून फाडलं. दोन पिंपांत पाणी भरून ठेवलं होतं, तेवढंच आमच्याजवळ होतं. विहिरीचं पाणी त्या पावसात गढूळ झालं होतं. पाणी बदलायचं तेही एकदम नाही, नाहीतर पिल्लांना झटका बसतो. म्हणून थोडं काढायचं, थोडं घालायचं, पुन्हा काढायचं. हात घाई करायला बघत होते आणि मी त्यांना आवरत होते. पंप बॅटरीला जोडला, पण अर्धवट भरलेल्या बॅटरीवर तो एका वेळी एकाच टबाला पुरत होता. दुसऱ्या टबावर नाना धार धरायचे, मी नळीवर वाकलेली. मध्येच लक्षात आलं, तिसऱ्या टबावर कुणीतरी धार सोडतंय. आई परत आल्या होत्या. मी बघितलं, त्यांनी बघितलं नाही. 

दाराजवळचा टब गेला. त्यातलं पाणी निवळलं तेव्हा तळाला नुसती पांढरी कणी दिसली. बाकीच्या दोन टबांत कौलाखाली अजून थरथर होती. आधीसारखा दाट ढीग नव्हता, पण होता. दुपार कधी झाली आणि कधी सरली ते कुणालाच कळलं नाही. पिंपांच्या तळाशी थोडंसं पाणी उरलं होतं. मला वाटलं, जिंकलो.

मग मी टॉर्च लावून एका पिल्लाकडे नीट पाहिलं. पोटाची पिवळी पिशवी संपली होती. पोट काचेसारखं रिकामं होतं. ती कौलाखालून निघून टबाच्या कडेकडेने फिरत होती, म्हणजे भूक लागली होती. मी आर्टेमियाच्या बाटलीकडे धावले. तपकिरी कण नुसते तळाला बसले होते, एकही केशरी ठिपका नाही. दिवसभर ना ऊब मिळाली होती, ना हवा. पंपाची नळीही तिथून काढून टबाला लावली होती. आता वीज आली तरी ते सकाळपर्यंत निघणार नव्हते.

आणि मागूर थांबत नाही. त्याला भूक लागली की शेजारी दिसतो. मी बघत असतानाच एका पिल्लाने दुसऱ्याची शेपटी धरली आणि ती दोघं वळवळत तळाला गेली. थोड्या वेळाने दुसऱ्या टबातही तेच. सकाळपासून ज्यांना वाचवलं ती आता एकमेकांना संपवणार होती, आणि मी टॉर्च धरून बघत बसणार होते.

दिवस मावळत होता. नाना क्रेटवर टेकले होते, पाठ दुखत असावी. त्यांनी मायेनेच म्हटलं, "जाऊ दे आता. लय केलंस तू. जित्ती हायेत ती शेततळ्यात सोडून दे." शेततळ्यात सोडायची म्हणजे कटल्यांच्या तोंडी द्यायची, हे त्यांना माहीत असणार. आणि त्यानंतर टब बाहेर जाणार, हे मलाही माहीत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागाचं पाणी आणि दुःखाचं पाणी यात मला तेव्हा फरक करता येत नव्हता. मी म्हटलं, यांना आत्ता खायला मिळालं पाहिजे, आणि माझ्याकडे काही नाही. पुढचं मी बोलले नाही. जे बोलायचं नाही असं ठरलं होतं ते मी खरंच बोलले नाही.

"अंडं आण," आई म्हणाल्या.

मला वाटलं मी भलतंच ऐकलं. नानांनी मान वर केली. "श्रावण हाय," ते म्हणाले.

"ठाव हाय मला. सोमवार बी हाय." आई टबापासून हलल्या नव्हत्या, हातात मग तसाच होता. "उपाशी मी ठिवलं त्यांना. आता मी जाऊन जेवाय बसू?" मग माझ्याकडे वळल्या. "आन तुझ्या डब्यात काय हाय ते मला कळत नाय व्हय? म्हणं 'बी'. तू 'बी' म्हणलीस म्हणून मी गप बसले. आता कोंबडीचं आण."

त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ दोन्ही हातांनी वर काढली, कपाळाला लावली आणि नानांपुढे धरली. मी या घरात आल्यापासून ती माळ त्यांच्या गळ्यातून उतरलेली पाहिली नव्हती. बाळंतपणात, दुखण्यात, कधीच नाही. नानांनी हात पुढे केला नाही. "धरा," आई म्हणाल्या. "मला हात घालायचाय." मग त्यांनी धरली.

आमच्या बागेत सुरगाण्याकडचं एक मजूर जोडपं राहतं, त्यातल्या बाईकडे कोंबड्या आहेत. मी चिखलातून धावत गेले. तिने अंडी काढून माझ्या ओंजळीत दिली, आधी माझ्याकडे आणि मग आमच्या घराकडे पाहिलं.

परत आले तर शेडच्या पडवीत आईंनी तीन विटा मांडून जाळ केला होता आणि जुन्या पत्र्याच्या डब्यात पाणी ठेवलं होतं. आयुष्यात त्यांनी कधी अंडं उकडलेलं नव्हतं. शिजलं कसं कळतं असं त्यांनी विचारलं, बटाट्यासारखं टोचून बघायचं का? मी म्हटलं, नाही, नुसतं थांबायचं. त्या थांबल्या. उकळतं पाणी बघत असताना त्यांचे ओठ हलत होते. नामस्मरण करत होत्या की आणखी काही, मला माहीत नाही. नाना टॉर्च धरायला आले, तर एका हातात माळ, ती खाली ठेवायची नाही आणि खिशातही घालवेना. शेवटी त्यांनी ती आपल्याच गळ्यात घातली, स्वतःच्या माळेवर.

कवच सोलून पांढरं बाजूला काढलं. पिवळा बलक तेवढा घ्यायचा होता. आईंनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा फाडला, त्यात बलक बांधला आणि शेडमधल्याच एका वाटीभर पाण्यात हलकेच चोळला. पाणी पिवळसर धूसर झालं. आता खरी भीती हीच होती. दोन घोट जास्त पडले की टब पुन्हा सडणार, आणि आता बदलायला पाणीही उरलं नव्हतं. मी तिथलाच प्लास्टिकचा चमचा घेणार होते. आई म्हणाल्या, मला दे, तू बघ. मी दिला. का दिला, सांगता येत नाही.

त्यांनी चमचा भरला आणि माझ्याकडे पाहिलं. "एवढं?"

"निम्मं."

त्यांनी निम्मं परत वाटीत सांडलं. "एवढं?"

"अजून कमी, आई."

त्यांनी पन्नास माणसांच्या पंगतीतही कधी हात आखडला नव्हता. आता चमच्यात थेंब उरले होते. "देवाचा निवद बी याहून मोठा असतो," त्या पुटपुटल्या. पण घातलं तेवढंच. एक थेंब इथे, एक तिथे, कडेकडेने. मग दुसरा टब. मग आम्ही तिघं टबावर वाकून थांबलो.

बराच वेळ काहीच झालं नाही. पिल्लं त्या धूसर ढगातून आरपार जात होती, जणू तो नव्हताच.  मग एक पिल्लू थांबलं, मिशा हलल्या. ते मागे वळलं. मी नानांचा हात धरून टॉर्च खाली नेली. त्या काचेसारख्या पोटात एक पिवळा ठिपका होता, टाचणीच्या टोकाएवढा. शेजारच्यातही होता. त्याच्या शेजारच्यातही.

"दिसलं," आई म्हणाल्या. "जेवलं ते."

त्यानंतर शेपटी धरलेलं एकही पिल्लू मला दिसलं नाही. कदाचित मी बघायचं सोडून दिलं असेल. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडले, चांगली हुंदके देऊन. आईंनी समजूत वगैरे काही घातली नाही. त्या डबा, विटा, कवचं आवरत होत्या. अंड्याचा पांढरा भाग त्यांनी पानावर काढून ठेवला, मजुराच्या घरी देऊन ये म्हणाल्या. वाया कशाला?

घरी जाऊन त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली. मी वरणभात लावला. वीज नव्हतीच, चिमणीच्या उजेडात पाट मांडले. मी आईंना वाढायला घेतलं, तर दिवसभराच्या सवयीने हात आखडला गेला आणि पानात भाताची जेमतेम मूद पडली. त्यांनी मुदीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाढ की नीट," त्या म्हणाल्या. "मी काय मागुराचं पिल्लू हाय?" त्या दिवसातलं पहिलं हसू मला तिथे आलं. नाना जेवता जेवता सहज म्हणाले, की दाराजवळचा टब उन्हात वाळवून ठेव, पुढच्या खेपेला लागंल. त्यांच्याकडून याहून जास्त होकार येत नसतो.

जेवण झाल्यावर हात धुऊन नानांनी गळ्यातली वरची माळ काढली आणि आईंपुढे धरली. आंघोळ झाली होती, उपास सुटला होता, आता घालायला हरकत नव्हती. आईंनी हात पुढे केला, मग थांबल्या. त्यांनी मला विचारलं, तुझं ते बी कधी उगवणार? मी म्हटलं, वीज आली तर उद्या दुपारी.

त्यांनी माळ नानांच्या हातात परत लोटली.

"मग राहू द्या तुमच्याच गळ्यात," त्या म्हणाल्या. "पहाटं पुन्हा लागंल त्यांना."